तुमच्या फ्लॅटला हॉलच नव्हता

प्रिय काकू,

मी २६ वर्षांची, इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहते. २०१५ मध्ये मी नववीत होते तेव्हा झी मराठीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' सुरू झाली. रात्री जेवणं उरकली की आजी आणि मी ती बघायचो. रेश्मा, सुजय, कैवल्य, अ‍ॅना, मीनल, आशू. एकाच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या या सहा मित्रमैत्रिणींचं ते 'माजघर' मला पाठ होतं, वहीच्या मागच्या पानावर मी त्याचा नकाशासुद्धा काढला होता. शाळेत सगळ्या मैत्रिणी हिंदीवाल्या, ही मालिका कुणालाच माहीत नव्हती. तेव्हाच ठरवलं की शिकून बाहेर पडायचं आणि असं घर करायचं.

इंजिनिअरिंग इथेच झालं. २०२२ मध्ये पुण्यात नोकरी लागली. वाकडला टू बीएचकेमध्ये आम्ही पाच जणी. एकेका खोलीत दोघी, आणि भाडं परवडावं म्हणून हॉलमध्ये पडदा लावून पाचवी. फ्रिजमध्ये प्रत्येकीचा कप्पा, दुधाच्या पिशवीवर नाव. मला डेंग्यू झाला तेव्हा पलीकडच्या खोलीतल्या मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "मेडिसिन लिया?" वाईट कुणीच नव्हतं. पण एवढी वर्षं राहून जिवाभावाची एक मैत्रीण झाली नाही. गेल्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं म्हणून परत आले, आता विजयनगरला नोकरी करते.

दिवाळीपासून मी ती मालिका पुन्हा बघतेय. संपली की परत पहिल्या भागापासून. आधी फार बरं वाटायचं, आता राग येतो. तेव्हा मला कैवल्य आवडायचा. आता नजर रेश्मावर जाते, घराचं सगळं तीच बघते आणि बाकीच्यांना त्याचं काही वाटत नाही. कुणाला दुःख झालं की पाच मिनिटांत बाकीचे पाच हजर. असं कुठे असतं? मालिकेने मला फसवलं असं वाटतं, तरी बंद करवत नाही. आई म्हणते, तेच तेच किती उगाळशील, आता स्थळं बघू या. त्यात धाकटा भाऊ, १८ वर्षांचा, हल्ली माझ्या शेजारी बसून बघतो. जुलैत तो पुण्याला कॉलेजला जाईल, मित्रांबरोबर फ्लॅट घ्यायच्या गोष्टी करतोय. त्याला खरं काय ते सांगू का? आणि मी हे बघणं सोडून देऊ का?

— माजघर न सापडलेली

~

अगं बाळा,

आधी सरळ उत्तर देते. मालिका सोडू नकोस. तिने फसवलं म्हणतेस, तेही मला पटत नाही. पण तुझं दुःख खरं आहे आणि ते नेमकं कुठे आहे ते तूच लिहिलंयस, फक्त ओझरतं लिहून पुढे गेलीस. भाडं परवडावं म्हणून हॉलमध्ये पडदा लावून पाचवी मुलगी.

तुमच्या फ्लॅटला हॉलच नव्हता गं.

आता माजघर डोळ्यांपुढे आण. तू नकाशा काढलेली मुलगी, तुला आठवायला वेळ लागणार नाही. भांडण कुठे होतं, समेट कुठे होतो, कुणाची नोकरी गेल्याचं कुठे कळतं, रुसलेला माणूस कुठे येऊन बसतो? बहुतेक सगळं बाहेरच्या खोलीत. याचं कारण मालिका बनवण्याच्या कामात आहे. रोजच्या मालिकेचा एक भाग जाहिराती वगळता वीस-बावीस मिनिटांचा, आणि आठवड्यातले पाच-सहा दिवस तो दाखवायचा. म्हणजे दिवसाकाठी जवळपास एका भागाचं चित्रीकरण उरकावं लागतं. बाहेर रस्त्यावर जायचं म्हटलं की परवानगी आली, बघ्यांची गर्दी आली, गाड्यांचे आवाज आले, पाऊस आला. म्हणून स्टुडिओत एक सेट कायमचा उभा असतो, वर दिवे टांगलेले असतात, आणि होता होईल तेवढे प्रसंग तिथेच घडतील असं लिहिलं जातं. सहा जणांना एका चौकटीत आणायचं तर सहाही जण घरी हवेत. पाच मिनिटांत पाच जण हजर होतात असं तू लिहितेस. ते कुठून येत नाहीत. ते तिथेच असतात, लेखकाने त्यांना बाहेर जाऊच दिलेलं नसतं.

म्हणून ती मैत्री खोटी का? मला तसं वाटत नाही. कामाच्या सोयीसाठी का होईना, त्या लेखकांनी मैत्रीला काय लागतं ते बरोबर पकडलं. एकीच्याही मालकीची नाही अशी एक जागा लागते, आणि तिथे काही काम नसताना बसून राहायला वेळ लागतो. तुमच्या वाकडच्या घरात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. एकीची रात्रपाळी, दुसरीची सकाळची बस. तहान लागली म्हणून रात्री स्वयंपाकघरात जायचं तर वाटेत पडद्यामागे ती पाचवी झोपलेली. मला खात्री आहे, तुम्ही सगळ्या पाय न वाजवता जात होतात, दिवा न लावता पाणी पीत होतात आणि परत येऊन दार लोटून घेत होतात. एकमेकींना त्रास होऊ नये म्हणून. तुमच्या त्या घरातली शांतता हा निव्वळ चांगुलपणा होता, आणि त्या चांगुलपणातच मैत्रीची जागा गेली. यात तुझं काही कमी पडलं नाही, त्या मुलींचंही नाही. हे मी तुला ठासून सांगते, कारण तुझ्या पत्रात राग मालिकेवर काढलेला असला तरी आतून तू स्वतःलाच विचारते आहेस की माझ्यात असं काय कमी होतं, मला का नाही जमलं. घराची रचनाच तशी होती, म्हणून नाही जमलं.

एका मुलीबद्दल मात्र बोलायचंय. जिने "मेडिसिन लिया?" विचारलं तिच्याबद्दल. तू ते तक्रार म्हणून लिहिलंस, आणि मला तुझं समजतं. अंगात ताप, हाडं मोडून आलेली, प्लेटलेट्सचे आकडे रोज खाली चाललेले, अशा वेळी भिंतीपलीकडून आलेला मेसेज फार कोरडा वाटतो. पण तिने विचारलं. रोजचा दिवस संपवून, स्वतःच्या खोलीत दमून पडलेल्या मुलीला आठवलं की पलीकडे कुणीतरी आजारी आहे. तिला उठून यायचं असेल आणि ती तुला झोपमोड नको म्हणून आली नसेल, हेही शक्य आहे. तू काय उत्तर दिलंस? बहुतेक "हाँ" असं लिहिलं असशील आणि विषय संपला असेल. तिचा नंबर असेल तर आता लिही तिला. मोठं काही नको. त्या दिवशी विचारलंस ते लक्षात आहे, एवढंच.

आता दुसरी गोष्ट. ही आपल्या, म्हणजे महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या लोकांच्याच लक्षात येईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंदूरच्या मराठी घरात मूल कसं वाढतं ते मला माहीत आहे. मी तशीच वाढले, माझी मुलंही तशीच वाढली. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. आजीशी मराठी, आरतीला मराठी, हळदीकुंकवाला मराठी, परीक्षेआधी देवासमोर रामरक्षा. आणि मैत्रिणीशी भांडायचं ते हिंदीत. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत उभं राहून टिंगल करायची ती हिंदीत. कुणी आवडला तर ते सांगायचं हिंदीत, आणि तो दुसरीला हो म्हणाला तर रडायचंही हिंदीत. म्हणजे आपल्या मुलांना मराठी येते, चांगली येते, पण ती येते वडीलधाऱ्यांबरोबर. वाकून नमस्कार करताना, पाहुण्यांशी नीट बोलताना. आचरटपणा करायला, शिव्या द्यायला, मनातलं सांगायला आपल्या वयाचं मराठी माणूस मिळत नाही.

अशा घरातल्या नववीतल्या मुलीसमोर रोज रात्री सहा तरुण मुलं-मुली आली आणि मराठीत दंगा करायला लागली. एकमेकांना टोचून बोलायला लागली, खायच्या वस्तूंवरून मारामाऱ्या करायला लागली, प्रेमात पडायला लागली, हमसून हमसून रडायला लागली. पुण्याच्या, सांगलीच्या मुलीलाही मालिका आवडली असेल, पण तिला त्यात नवल कसलं? तिच्या वर्गात हे रोजच चालायचं, आदल्या रात्रीच्या भागाबद्दल ती डबा खाताना बोलतही असेल. तू मात्र शाळेत गेल्यावर गप्प. ज्याच्याशी बोलावं असं कुणी नाही. एखादी गोष्ट फक्त आपल्यालाच माहीत असली की ती मनात फार मोठी होते, तशी ती झाली. तू म्हणतेस तुला ते घर हवं होतं. मला वाटतं तुला तुझ्या वयाची माणसं तुझ्या भाषेत हवी होती, आणि मुंबई-पुण्यात गेलं की ती आपोआप मिळतात असं तू धरून चाललीस. मिळाली कुठे? वाकडच्या फ्लॅटमध्येही पलीकडच्या खोलीतून मेसेज आला तो हिंदीतच.

या नजरेने बघितलंस तर फसवणुकीचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. मालिकेने तुला जे दाखवलं त्याची भूक तुला आधीपासून होती, आणि ती भूक रास्त होती. माणसाला वयाच्या पंधराव्या वर्षी जे भिडतं ते इतकं घट्ट का बसतं, यावर अभ्यासही झाला आहे. आठवणींवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना वारंवार दिसलं आहे की उतारवयातल्या माणसांना आयुष्यातलं काही आठवायला सांगितलं तर साधारण दहा ते तीस या वर्षांतलं जास्त निघतं. तू त्या वर्षांच्या सुरुवातीलाच ती मालिका बघितलीस आणि अजूनही त्याच वर्षांत आहेस. ती निघून जाणार नाही, आणि जायची गरजही नाही.

मग काळजी कधी करायची? १९५६ मध्ये, अमेरिकेत टीव्ही नुकता घराघरांत शिरत होता तेव्हा, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी पडद्यावरच्या माणसांशी आपली जी एकतर्फी ओळख जमते तिच्याबद्दल लिहिलं होतं. आपण त्यांना रोज ठरल्या वेळी भेटतो, त्यांचे स्वभाव ओळखतो, त्यांना आपला पत्ता नसतो. याला त्यांनी आजार मानलं नाही. रोजच्या जिवंत माणसांच्या जोडीला ही ओळख असेल तर त्यात वावगं काही नाही. माणसांच्या जागी तीच एकटी उरली तर मात्र जपायला हवं. तुझ्यापुरतं बोलायचं तर संपली की लगेच पहिल्या भागापासून सुरू, हे मला थोडं टोचलं. २०१५ मध्ये तुला रोज एकच भाग मिळायचा. उद्या काय होईल ते मनात घोळवत तू झोपायचीस, दिवसभर त्याचा विचार करायचीस, रविवारी वाट बघायचीस. आता एका रात्रीत आठ भाग बघून होतात आणि मनात घोळायला काही उरत नाही. तर माझं ऐकशील का? रोज एकच भाग बघ, भावाबरोबर, आणि आजीची झोप लागलेली नसेल तर तिलाही बसव. या वेळी संपली की थांब. पुढच्या दिवाळीत पुन्हा बघ हवी तर.

रेश्माबद्दल तुझा जो राग आहे, तो मला फार आवडला. नववीतल्या मुलीला कैवल्यची गिटार दिसते, कारण तिचा डबा कुणीतरी भरून देत असतं. स्वतः सिलिंडर लावून घेतलेल्या, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्यांचा हिशेब ठेवलेल्या मुलीला ओट्यापाशी उभी असलेली बाई दिसते. तुझी नजर मोठी झाली. त्यामुळे जुनं प्रेम खोटं ठरत नाही, तेव्हा कैवल्य आवडला हेही तुझंच होतं. पण भाऊ शेजारी बसलेला असताना हे त्याला मोठ्याने सांग. मालिका थांबवून सांग. "हे बघ, पाच जण बोलतायत आणि उठून आत कोण जातंय?" अठराव्या वर्षी एका मुलाला हे दिसायला लागलं तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या मित्रांचं आणि पुढे जिच्याशी तो संसार करेल तिचं भलं होईल. आपल्या घरांत मुलांना हे कुणी दाखवत नाही. तू दाखव.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते.

ती मालिका जेमतेम वर्षभर चालली, २०१६ च्या फेब्रुवारीत संपली. लोकांना हुरहुर लागली, म्हणून २०१७ मध्ये वाहिनीने तीच सहा नटमंडळी पुन्हा एकत्र आणली, 'दिल दोस्ती दोबारा' नावाने. पात्रं नवी, गोष्ट नवी, या वेळी एक हॉटेल. तू बघितलीस का ती? तुझ्या पत्रात तिचा उल्लेखही नाही, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. चेहरे तेच असूनही ती काही महिन्यांतच आटोपली. पण त्यांच्यातल्याच सखी गोखले, सुव्रत जोशी, अमेय वाघ यांनी २०१६ मध्ये नाटकही केलं, मनस्विनी लता रवींद्र यांनी लिहिलेलं आणि निपुण धर्माधिकारी यांनी बसवलेलं 'अमर फोटो स्टुडिओ'. ते मात्र चाललं, लोकांनी उचलून धरलं. अमेय वाघ पुण्याच्या रंगभूमीवरून आलेला, सुव्रत जोशी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेला. मला यात एक गोष्ट दिसते. तुला पडद्यावर जो मोकळेपणा दिसला, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याने उचलायचं, न बघता हात पुढे करायचा आणि त्यात वस्तू पडायची, तो फ्लॅटमध्ये राहून येत नाही. तालमीने येतो. रोज ठरल्या वेळी, एका खोलीत, तीच माणसं, तीच वाक्यं, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा गेल्यानंतरही.

तालीम इंदूरला होते, बाळा. मराठीत होते.

आपलं गाव नाटकवेडं आहे. सानंदची नाटकं तुला माहीत असतील. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं ही मंडळी वर्गणीदार सभासदांच्या जोरावर इथे आणतात आणि प्रेक्षागृह भरतं. पण मी तुला खुर्चीत बसायला सांगत नाही. इथे हौशी नाटकाची जुनी परंपरा आहे, बाबा डिके आणि नाट्यभारतीच्या काळापासूनची. डिके, नई दुनियाचे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी आणि देवासला राहणारे कुमार गंधर्व, या चौघांच्या मैत्रीबद्दल इंदूरचे जुने लोक अजून भरभरून बोलतात. एक नाटकवाला, एक पत्रकार, एक चित्रकार, एक गवई. एका छपराखाली राहत नव्हते, एकाचं गाव तर वेगळं. प्रत्येकाचा संसार होता, कामाचा व्याप होता. तरी कुणाच्या तरी बैठकीत जमायचे, बसायचे, नाटक करायचे, चित्रं बघायचे, गाणं ऐकायचे. तुला मित्रांच्या घोळक्याचा नमुना हवा होता तर तो इथेही होता. तुझ्यापर्यंत तो कुणी पोचवला नाही, हा आम्हा मोठ्यांचा दोष आहे.

आजही इथे हौशी मंडळी नाटकं बसवतात. राजेंद्रनगरमध्ये गणेशोत्सवात एकांकिका होतात त्या तू लहानपणी बघितल्या असशील. चौकशी कर. महाराष्ट्र साहित्य सभेत विचार, सानंदच्या कार्यकर्त्यांना विचार, तुझ्या आजीला विचार, तिच्या पिढीला सगळी माणसं माहीत असतात. मला अभिनय येत नाही म्हणशील. लागतच नाही. प्रॉम्प्टिंगला माणूस लागतो, ध्वनी सांभाळायला लागतो, कपड्यांना लागतो, सामान उचलायला तर चार लागतात. तू इंजिनिअर आहेस, प्रकाशयोजना शिकायला तुला महिना पुरेल. ऑफिसमधून आठला सुटून तालमीला जायचं म्हणजे दमायला होईल, रात्री उशीर होईल, घरी कटकट होईल. पहिले पंधरा दिवस तुला तिथे परकंही वाटेल, कारण बाकीचे एकमेकांना ओळखत असतील. त्यानंतर मात्र कुणीतरी तुझ्या वाटचा वडा खाईल आणि तू त्याच्यावर मराठीत ओरडशील. वीस-बावीस वर्षांची मुलंही येतात तिथे, घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलून वाढलेली, तुझ्यासारखीच.

आईबद्दल थोडक्यात. स्थळं बघायला हरकत नाही, तुझी तयारी असेल तर. पण एकटेपणावरचा इलाज म्हणून लग्न करू नकोस. नवरा हा पाच मित्रांची भरपाई करणारा माणूस नसतो, आणि तसं त्याच्याकडून मागितलं तर तो बिचारा थकून जातो. आईला हे असंच सांग. तिच्याही मैत्रिणी सुटल्या असतील सासरी आल्यावर. तिला कळेल.

राहिला भाऊ. त्याला खरं सांग, पण सगळं सांग. नुसतं "मालिकेसारखं काही नसतं" म्हणालीस तर ते अर्धंच खरं होईल, आणि अठराव्या वर्षी असली वाक्यं मुलं ऐकतही नाहीत. दुधाच्या पिशवीवर नावं का लिहावी लागली ते सांग. डेंग्यूचं सांग. पैशाचं पहिल्याच आठवड्यात लिहून काढायला सांग: डिपॉझिट कुणी किती भरलं, मध्येच एक जण सोडून गेला तर त्याचा वाटा कोण देणार, सिलिंडर, वाय-फाय, मावशींचा पगार. मित्रांमध्ये हे बोलायला लाज वाटते आणि मग त्यावरूनच मैत्री तुटते. आठवड्यातून एक रात्र सगळ्यांनी घरी जेवायचं हे ठरवायला सांग, आणि त्या रात्रीचा स्वयंपाक पाळीने. त्यात रेश्मा कुणी एक व्हायची नाही.

फ्लॅट बघायला तू त्याच्याबरोबर जा. मुलं खोल्या मोजतील, बाल्कनी बघतील, कॉलेज किती लांब ते बघतील. तू बाहेरच्या खोलीत उभी राहा आणि चार-पाच जण तिथे मांडी घालून बसू शकतील का ते बघ. पुण्यात भाडेकरार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो. तो संपला की भाडं वाढतं आणि कुणीतरी नक्की म्हणेल की हॉलमध्ये अजून एकाला घेऊ या, प्रत्येकाचे दोन-तीन हजार वाचतील. त्या वेळी त्याला नाही म्हणता यायला हवं. त्याच्या वाट्याचे ते दोन-तीन हजार तू दे. तुला आता पगार आहे, बाबांना यातलं काही सांगायचीही गरज नाही.

— तुझी काकू